डांबराच्या गोळ्या आणि वाढलेलं ॲव्हरेज

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. एका डोळ्याने लिहितेय, अक्षर लावून घ्या.

पेट्रोलात डांबराच्या गोळ्या घातल्या नि स्कूटरचं ॲव्हरेज वाढलं, असं गावभर सांगत फिरता. इंजिन साफ झालं म्हणता. गॅरेजवाल्याने मला काजळीने भरलेला प्लग काढून दाखवला. ॲव्हरेज वाढलं, कारण त्याच महिन्यापासून तुम्ही मला मागे बसवणं सोडलंत. "तू बसलीस की मोजमाप बिघडतं," हे तुमचेच शब्द. याच स्कूटरवर मला, दोन्ही पोरींना आणि धान्याच्या पोत्याला घेऊन चढ चढायचात, वर शीळ घालायचात.

डोळ्याची पट्टी सोडवायला मी बसने जातेय. पट्टी सुटल्यावर त्या डोळ्याला पहिलं तोंड नर्सचं दिसेल. चालेल मला.