वारकाच्या घरचा दहावा

मंगळवार, ३ मार्च
शालनला जाऊन चौथा दिवस. घरात माणसं बसलेली, चहावर चहा. मला बसवत नाही.
नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती मला 'आवं वारीक' म्हणायची. न्हाव्याला आता वारीक कोण म्हणतं? आमच्या पोराच्या, विजूच्या शिरवळच्या दुकानावरसुद्धा सलूनची पाटी. या घरात तेवढा शब्द उरला होता, तोही गेला.

गुरुवार, ५ मार्च
विजूनं विचारलं, "आबा, वारीक म्हंजे काय वं?" पोराला हेही माहीत नाही! आजा सांगायचा, गावात प्रत्येक घराचा वार ठरलेला. वारानं येतो तो वारीक. खरं-खोटं आजाला माहीत. दहाव्याला मात्र वार नाही. निरोप आला की हत्यारांची धोकटी काखेत मारून नदीवर, मुंडण करायला. जन्मभर तेच केलं.
आमच्यातलं कोणी गेलं की शेजारच्या गावचा वारीक येतो. सुतकातल्या हातानं वस्तरा धरायचा नाही. दत्तोबाला फोन केला. "यतो की गड्या, न यऊन कसं चालंल?" जरा बरं वाटलं.

रविवार, ८
दत्तोबाच्या सुनेचा फोन. "मामा, त्यांचा हात लय कापतोय. आमी न्हाई पाठवत." दत्तोबाचा मुलगा गलाईच्या, सोनं गाळायच्या दुकानात, केरळात. साताऱ्यात चार सलूनमध्ये जाऊन आलो. सगळे म्हणतात, दुकानात या. नदीवर कोणी येत नाही. एक म्हणाला, "काका, तसलं काम बंद केलंय आमी."
तसलं काम.

सोमवार, ९
आज दहावा. नदीवर भटजी थांबले, पाव्हणे थांबले, ऊन वर आलं. विजू म्हणाला, "मी मशीन फिरवतो की." ओरडलो त्याच्यावर, सगळ्यांदेखत. भटजी म्हणे, एक बट कापली तरी पुरे. विजूनं एका पाव्हण्याकडून कापून घेतली. मी डोक्याला हात लावू दिला नाही.
घरी येऊन पोरासारखा रडलो. सगळ्या गावाची सुतकं फेडली, आणि तिच्यासाठी एक वस्तरा मिळेना.

शुक्रवार, १३
विजू शिरवळला गेला. माझे केस तसेच, दाढी तशीच. माझ्या लेखी सुतक आहेच.
दुपारी पाटलांचा धाकटा दारात. त्याचे वडील सकाळी गेले. "आबा, दहाव्याला नदीवर यायचं बरं का. तुमच्याबिगर कोन हाय?" माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलंही नसेल. रागावू कशाला, त्याचा बाप गेलाय.
व्हय म्हणवेना, नाही म्हणवेना. "बघतो" म्हणालो. तो होकार समजून गेला.