पौर्णिमेचं संमेलन

पेण, मंगळवार संध्याकाळ

कॉलेजचं स्नेहसंमेलन पौर्णिमेच्या रात्री ठेवलंय. पत्रिकेवर चंद्रसुद्धा छापलाय. मी तिथे शिकवत होते तोवर तारीख ठरवताना आधी खाडीची भरती बघायचो. आता कुणाला सुचतच नाही का?

सकाळी सुनीताची आई कोळंबी घेऊन दारात आली. सुनीता याच कॉलेजात शिकते. संमेलनाच्या नाटकात मुख्य काम तिचं, आणि नाटक सगळ्यात शेवटी.

"बाई, त्या राती उधाण. बांधावरनं पाणी जातं. पोर घरी यायची कशी? मी नाय धाडायची."

"माझ्याकडे झोपेल."

"आणि बाकीच्या पोरी? माळ्यावर टांगाल काय?"

खरंच. नाटकातल्या निम्म्या मुली खाडीकडच्याच.

दुपारी प्राचार्यांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, चांदण्यात किती छान वाटेल!"

"चांदण्यात पोहत जायचं का मुलींनी?"

"मग दुसऱ्या मुली घेऊ. तारीख आता हलणार नाही."

लहानपणी शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेलं माझं गोड बोलणं तिथंच संपलं. त्याच कार्यक्रमात माझा सत्कार आहे. म्हटलं, मग सत्कारालाही दुसरी बाई बघा. आणि फोन ठेवला.

आत्ता त्यांचाच फोन. शाल आणलीय, मानपत्र छापलंय, तेव्हा संमेलन पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात दिवसा घेऊ म्हणे.

म्हणजे तारीख हलते. सुनीतासाठी नाही हलली, शालीसाठी हलली. या वयात एवढ्याशासाठी किती भांडायचं? सुनीता नाटक करील, हे खरं. मला मात्र भर उन्हात ती शाल पांघरून बसावं लागणार.