गुळाचा ताव

प्रिय जसोदा,

सुरतेच्या या दवाखान्यातल्या चहाला गोडी नाही. प्यायला बसलो की आपलं कोरीटचं गुऱ्हाळ आठवतं. रस उकळू लागला की तू काहिलीत रानभेंडीचा चिकट रस सोडायचीस, मळी वर यायची आणि मी झाऱ्यानं ती काठाकाठानं ओढून घ्यायचो. मधोमध झारा घातला की मळी फुटते, हे तुला मीच शिकवलं असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. तू तोंडाला पदर लावून हसायचीस.

तुझा आजार मी नीट समजून घेतलाय. शाळा सातवीत सुटली, तरी अर्धवट माहिती मला चालत नाही, हे तुला माहीत आहे. शरीराची राखण करणारी द्रव्यंच तुझ्या फुप्फुसांवर उलटली, आत रक्त झिरपलं, म्हणून श्वासाला यंत्र लावलं. मानेतल्या नळीनं रक्त दुसऱ्या यंत्रात जातं. तिथे त्यातलं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं निघतं आणि तांबड्या पेशी तुला परत मिळतात. मी डॉक्टरांना म्हटलं, कळलं, मळी काढता. ते म्हणाले, काका, मळीबरोबर चांगला रसही जातो, म्हणून दुसऱ्यांनी दिलेला प्लाझ्मा भरावा लागतो. माझा दाखला तोकडा पडला. कोणाकोणाचं अंगचं तुझ्यात आलंय, नावं कळायची नाहीत. घरी आलीस की पहिली ढेप त्यांच्या नावानं वाटू.

मी गुळासाठी थर्मामीटर आणलं, तो दिवस आठवतो? काटा एकशे अठराला पोचेपर्यंत मी कोणाला बोलू दिलं नाही. तू आपली वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून, घट्ट झाला का ते दोन बोटांनी दाबून बघत होतीस. काटा पोचला आणि त्याच वेळी तू म्हणालीस, "ताव उना, उतारा आते." ताव आला, काहील उतरवायची वेळ झाली. गावभर मी कौतुक केलं ते काट्याचं.

इथे काटेच काटे आहेत. ऑक्सिजनचा आकडा चढतोय, डॉक्टर समाधानी आहेत. माझं मात्र आकड्यांवर भागत नाही.

आज तुझं झोपेचं औषध कमी केलंय. ओळखीचं काही कानावर घाला, म्हणाले. मी दोनदा आत येऊन उभा राहिलो, शब्द फुटला नाही. म्हणून लिहिलं. तोरणमाळकडची निशा सिस्टर हे तुझ्या कानाशी वाचतेय. थेंब दाबायचीस ती तुझी दोन बोटं माझ्या हातात आहेत. ताव आला असेल, तर दाब.

तुझाच, इथेच उभा असलेला,
हेमराज