दोन अंश वजा

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाबाचा फोन आला होता. आत्याने भर सभेत पोरीचं नाक कापलं, म्हणाला. दादा लहानपणापासूनच नाटकी. तरी खरं काय ते माझ्याकडून ऐक.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी बंदराच्या हवामान केंद्राला माझी आठवण झाली. ज्या फिरत्या रडारची मी एकतीस वर्षं देखभाल केली, त्याच्या जागी तुमचं न फिरणारं पॅनेल बसवावं का, यावर समितीला माझं मत हवं होतं. ते मी दिलं. तुमचं यंत्र म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेलं कपाटाचं दार. ना मोटर, ना मान वळवणं. एका जागी ठरत नाहीस म्हणून तुला आम्ही भिंगरी म्हणायचो, आणि मोठी होऊन तू हे बसकं बनवलंस!

पण मत काही चेष्टेवर दिलं नाही. दोन महिने दोन्ही रडार गच्चीवर शेजारी शेजारी चालली. तुझं पॅनेल प्रत्येक ढग आमच्या फिरत्या डिशपेक्षा दोन अंश डावीकडे दाखवतं. मी म्हटलं, हे यंत्र तिरळं आहे, याच्या भरवशावर होड्या समुद्रात सोडू नका. सगळे हसले. तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं नाही, हे मात्र कबूल.

खरं बोलताना नातं बघायचं नाही, असं शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी तेच केलं. राग ओसरला की लिही. लोभ आहेच; तो माझ्या जिभेला भिऊन आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

---

दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रुसले नाही. रुसायला वेळ नाही. चाचणी थांबली. पंचवीस तारखेला पॅनेल उतरवायचं आणि आमची सहा जणांची टीम मोडायची, असा हुकूम आला आहे. सात वर्षांचं काम होतं.

न फिरता ते बघतं कसं, हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. तळ्याकाठी एका ओळीत उभं राहून सगळ्यांनी एकदम खडे टाकले, तर लाट सरळ पुढे जाते. एका टोकापासून प्रत्येकाने किंचित उशीर करत टाकले, तर ती तिरकी निघते. पॅनेलवर असे हजारो बारीक अँटेना आहेत. कोणी किती उशीर करायचा ते सांगितलं, की झोत हवा तिकडे वळतो, क्षणात. डिशला सगळं आकाश फिरून परत त्याच ढगाकडे यायला सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात वादळ पुढे सरकलेलं असतं.

आमचं गणित चुकलं असतं, तर फरक एका दिशेला कमी आणि दुसरीकडे जास्त दिसला असता. हा सगळीकडे सारखाच दोन अंश आहे. असा फरक यंत्र बसवतानाच पडतो. पॅनेल आम्ही रोज उगवत्या सूर्याशी ताडून पाहिलं, ते बरोबर आहे. डिशही ताडू द्या म्हटलं, तर अध्यक्षांनी एकोणीस वर्षांपूर्वीची नोंदवही पुढे केली. गिअरबॉक्स बदलल्यानंतरची नोंद होती: उत्तर दिशा तपासली, बरोबर. खाली तुझी सही.

मी डिश ताडायचा हट्ट सोडला. तू लिहिलं आहेस, म्हणजे तपासलंच असणार.

तब्येतीला जप. लोभाचं मी वेगळं काय लिहू?

तुझी,
भिंगरी

---

दि. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू लिहिलंस, 'म्हणजे तपासलंच असणार.' नव्हती तपासली.

डिश परत बसवायची खूण मीच केली होती. ती दोन अंश चुकली. लक्षात आलं आठ दिवसांनी. तोवर 'बरोबर' लिहून सही झाली होती. डिश उतरवायची तर रडार चार दिवस बंद, तेही वादळांच्या दिवसांत. आणि मी तर सगळ्या केंद्राच्या चुका काढत तोऱ्यात फिरणारी. मग पडद्याच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली: दोन वजा करा. का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. पुढे ती त्या यंत्राची रीतच होऊन बसली.

समितीत दोन अंश हा आकडा ऐकला. विसरले होते असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मला तिथेच कळलं होतं. पण बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अध्यक्ष नुकतेच म्हणाले होते, आणि मला ते फार गोड लागलं होतं. म्हणून तुझ्या यंत्राला तिरळं म्हणाले.

आता एवढं कर. काहीतरी करून डिश सूर्याशी ताड आणि फरक तूच शोधून काढल्यासारखं दाखव. पट्टीचं कोणाला सांगू नकोस. या वयात त्या खोलीत मान खाली घालून उभं राहणं मला जमायचं नाही.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

आत्या

---

दि. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी आता नाही. दोन वर्षांपूर्वी जुना पडदा काढला, त्याच्याबरोबर तीही गेली. तुझ्या वेळचं कोणी कामावर उरलेलं नाही. नवे निरीक्षक आकडा दिसतो तसाच वापरतात.

गेल्या महिन्यात वादळी वाऱ्याचा इशारा शेजारच्या पट्ट्यातल्या होड्यांना गेला. ज्यांना जायला हवा होता त्यांतल्या दोन भर वाऱ्यात सापडल्या. एका नावाड्याचा हात मोडला. पॅनेलवर तो वारा योग्य जागी दिसत होता, पण चाचणी संपेपर्यंत आमचे आकडे वापरायचे नव्हते. ज्या मुलीने इशारा पाठवला, तिला निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. तिने आकडा बरोबर वाचला होता.

आत्याची नोंद खोटी आहे, असं समितीपुढे मी म्हणणार नाही. म्हणायचं असेल तर तू म्हण. पंचवीस तारीख जवळ आली आहे.

भिंगरी

---

दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

काल केंद्रात जाऊन आले. समितीला आगाऊ कळवून सगळ्यांना बोलवायला लावलं होतं. बसा म्हणाले, मी बसले नाही. खूण, सही, पट्टी, सगळं सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते. तेवढं मला चांगलं येतं. अध्यक्षांनी किती वर्षं एवढंच विचारलं. एकोणीस, आणि त्यातली शेवटची दोन पट्टीवाचून, असं सांगितलं. मग तिरळं हा शब्द मागे घेतला, तेव्हा काढला होता तेवढाच आवाज काढून. या वेळी कोणी हसलं नाही.

त्या निरीक्षक मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, ताकीद मिळाल्यापासून ती प्रत्येक आकडा तीनतीनदा वाचते, आणि तरी इशारा पाठवायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावते. तिची ताकीद रद्द करून ती माझ्या नावावर लिहा, असा अर्ज तिथेच दिला. ताकीद रद्द होईल म्हणाले. त्या नावाड्याकडे उद्या जाते आहे. काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.

पॅनेल उतरवायचं नाही, चाचणी पुन्हा सुरू करायची, असं ठरलं. तुला हुकूम येईलच. आज सकाळी डिश सूर्याशी ताडली. दोन अंश, आणि वर थोडं.

मग ती थांबवली. मी जिने चढून गच्चीवर गेले. एक फिटर बाई डिशचे बोल्ट सैल करत होती. जुनी खूण कुठे आहे ते मला ठाऊक आहे, दाखवते, असं म्हणत मी पुढे झाले. तिने हातातला पाना खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली की आजी, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा, आम्ही नव्याने मोजून घेतो.

मी बाजूला उभी राहिले.

उत्तर लिहावंसं वाटेल तेव्हाच लिही.

आत्या