फडक्यातली भाकरी

गुंजवणे,
१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप धनाजीदादास,
प्रांजलचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. भात कापून झालं, झोडायचं राहिलंय. गाय व्यायली, कालवड झाली.

आईचं मन रमावं म्हणून मी कॉलेजच्या लायब्ररीतून एक ऐतिहासिक कादंबरी आणली आणि दुपारी तिला वाचून दाखवायला लागले. तुझ्या पाठचा आपला पप्पू किकवीजवळच्या अपघातात गेला तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कादंबरीत राजगडाखालच्या वाडीतले दोघे भाऊ लढाईला जातात आणि थोरला एकटाच परततो. लाजेनं गोठ्यात लपून बसतो. त्याची आई त्याला शोधून काढते आणि पहिलं विचारते, "जेवलास का रं?"

आईनं पुस्तकावर हातच ठेवला. "हे खरं घडलंय व्हय गं?"

मी म्हटलं, लेखकानं रचलंय.

"रचलेलं न्हाई," म्हणाली आणि जी रडायला लागली ती थांबेचना. "माझा धनाजी जित्ता आला, आन् म्या त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. कुठं लागलंय का, कायबी इचारलं न्हाई."

दादा, आता लिहूनच टाकते. गाडी तू चालवत होतास, हे घरात कुणी उच्चारलं नाही. पण दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भीमाकाका म्हणाले, "पप्पूचा धनाजीवर राग हाय, त्याला लांब उभा करा." तू वळणापलीकडे गेलास आणि कावळा शिवला. तिथूनच तू एसटीत बसलास. आम्हीही ते खरं मानलं. आई आता म्हणते, "पप्पूचा जीव धनाजीतच अडकला व्हता. त्याला जवळ घ्यायचं सोडून आमी हाकलला."

रोज संध्याकाळी ती फडक्यात भाकरी बांधून एसटीच्या थांब्यावर बसते. शेवटची गाडी गेली की भाकरी गायीला घालते आणि स्वतः नुसत्या चहावर राहते. परवा थांब्यावरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, दवाखान्यात ठेवा. ती थांबा सोडायला तयार नाही. मला एकटीला नाही रे झेपत. पप्पू गेला, तू गेलास, आता आईही माझ्यासमोर चाललीय.

पुस्तकाचं पुढचं पानही वाचू देत नाही. म्हणते, "आदी माझा येऊ दे."

ये. पाया पडते तुझ्या. माफी मागत बसू नकोस, कुणाला काही समजावू नकोस. फक्त येताना वाटेत काही खाऊ नकोस.

थांब्यावर तिच्याशेजारी बसलेली,
तुझी प्रांजल