गोदामाचं कुलूप

भावोजींना नमस्कार,

पुरात गोदामाचं कुलूप कोणी फोडलं, याची चौकशी तुम्ही लावलीय असं ताई म्हणाली. मीच फोडलं. गल्लीत पाणी कमरेला लागलं होतं, पुरासाठीची रबरी बोट आत आणि किल्ली परगावी, तुमच्या खिशात. सायकलवाल्याने पंपाने बोट फुगवली, अख्ख्या गल्लीने दोरी धरली आणि सगळी म्हातारी माणसं शाळेच्या गच्चीवर पोचवली. आता नवीन कुलूप लावलंय. किल्ली माझ्या शिलाईच्या दुकानात, दाराशीच टांगलीय. तिथून ती हलणार नाही.

हे पत्र मात्र टाकत नाही. तुमच्या आई म्हणतात, "त्याला मीच सांगते." बरोबरच आहे. हातोडी त्यांनीच माझ्या हातात दिली होती.

तुमची मेव्हणी