सात नंबरची काचपेटी

१२ ऑक्टोबर २००९, सकाळी सहा
रिटायर होऊन त्रेचाळीस दिवस झाले. आजपासून रिसर्च रीतसर सुरू. विषय: आमच्या टेकडीतला जपानी किल्ला आणि त्यातली मोठी तोफ. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. तोफ म्हणजे शेवटी काय, डोंगर, अंतर आणि दिशा. निम्मा अभ्यास झालेलाच आहे.
संकल्प: रोज टेकडी चढणे. रोज चार पानं लिहिणे. नव्या वर्षाच्या आत जपानी भाषा शिकणे.
टेकडी उद्यापासून. आज गुडघा दुखतोय.

१४ ऑक्टोबर
जिल्ह्याच्या म्युझियममधून निंग मॅडमचा फोन. वय सव्वीस, पण अभ्यासू. मला थान मास्तर म्हणतात. पंचेचाळीस साली रशियनांनी किल्ला जिंकला, तोफ सुटी करून नदीपलीकडे रशियात नेली, त्या सामानाची यादी मॅडमच्या हाती लागली आहे. भाषांतर करून पाठवली. एकसष्ट नग. सेहेचाळीसावा नग: 'नळी वर-खाली करण्याचं हातचाक.' पुढे शेरा: 'जागेवर नाही.'
तीनदा वाचलं. अख्खी तोफ गेली आणि चाक राहिलं! म्हणजे ते इथेच आहे, आमच्या युशूवान गावात. इतक्या वर्षांत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं, यादी नीट वाचावी लागते.
नवं दालन आठ नोव्हेंबरला उघडणार. सात नंबरची काचपेटी रिकामी आहे. चाक मिळालं तर त्यात ठेवू, शेजारच्या पाटीवर शोधणाऱ्याचं नाव घालू, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, मिळालंच समजा. माझं नाव कसं लिहायचं तेही सांगून ठेवलं.

१५ ऑक्टोबर
बातमी उगाच पसरवायची नाही, असं ठरवलं. फक्त न्हावी, पोस्ट आणि शेवयांचं दुकान.
उद्घाटनाला बोलवायच्या माजी विद्यार्थ्यांची यादी केली. अडतीस नावं.
काओ दारात उभा राहून हसला. आम्ही एका वर्गात होतो. तो पुढे ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला, मी शिकत राहिलो. म्हणाला, "मास्तर, आधी चाक मिळव, मग वरात काढ." यांत्रिक बुद्धीची माणसं. इलाज नाही.

१७ ऑक्टोबर
टेकडीचा पक्का प्लॅन होता. पण बायकोने, गुइफांगने, नव्वद कोबी आणून ठेवलेत. हिवाळ्यासाठी आंबवायचे. सगळी गल्ली तेच करतेय, घराघरातून कोबी धुताहेत, ढिगाआड माणसं दिसत नाहीत. मी तिला शांतपणे समजावलं की मी आता संशोधक आहे. ती म्हणाली, "असशील. बाहेरची पानं काढ."
चौदा पानं काढली. पाठ धरली.
मग रांजणात कोबी रचून झाल्यावर वरचं वजन मलाच उचलावं लागलं. आमचं वजन म्हणजे लोखंडाचा एक काळा, भोकाभोकांचा, कुरूप गोळा. दर वर्षी बोट चेंगरतं. म्हटलं, नदीवरून एखादा गुळगुळीत दगड आणू, सगळे तसलाच ठेवतात. तिने ऐकलं नाही. "सासूबाईंनी दिलाय, महिनाभर हलणार नाही," म्हणाली. बायकांना जुन्या वस्तूंचं वेड असतं. त्यातली महत्त्वाची कुठली हे मात्र कळत नाही.

२० ऑक्टोबर
टेकडीवर पहिली मोहीम! मी, काओ, बॅटरी, दोर, मक्याच्या चार भाकऱ्या.
तोफेचा खड्डा पावलांनी मोजला. एकदा एकेचाळीस, एकदा छत्तीस. सरासरी काढली, म्हणजे अचूक झालं. भुयारात मी पुढे, कारण नेतृत्व. डावीकडचं वळण घेतलं. ते चुकीचं नव्हतं, फक्त दुसरीकडे जात होतं. अर्ध्या तासाने काओने हाका मारून बाहेर काढलं. डोक्यावर वटवाघूळ बसलं होतं. हुशार प्राणी, न घाबरणारा माणूस ओळखतो. घाबरून ओरडलं ते वटवाघूळच.
भाकऱ्या काओने खाल्ल्या.

२२ ऑक्टोबर
मिळालं!!! मिळालं!!!
टेकडीच्या पायथ्याशी, एल्मच्या झाडाखाली, वीतभर मातीत. लोखंडी चाक, पाच आरे, कडेला मुठीचं भोक.  हेच चाक फिरवून कुणीतरी ती नळी नदीपलीकडे रोखली असेल. पोत्यात गुंडाळून घरी आणलं, पलंगावर ठेवलं. गुइफांग म्हणाली, नव्या चादरीवर नको. इतिहासाला चादरीचं काय!
निंग मॅडमना फोन. पेटीत निळी मखमल घाला म्हटलं.

२३ ऑक्टोबर
काओ बघायला आला. चाक उलटं केलं, नखाने गंज खरवडला, आणि जमिनीवर बसून हसत सुटला. त्याच्या वडिलांच्या मका सोलायच्या यंत्राचं चाक. बासष्ट साली हरवलं होतं. मागे त्यांचं आडनाव कोरलेलं आहे. "बापाने यापायी मला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं रे," म्हणाला, आणि चाक काखेत मारून घेऊन गेला.
एका हरवलेल्या वस्तूचा छडा मी लावला, ही गोष्ट कुणीच बोलत नाही.
मॅडमना फोन. मखमल राहू द्या म्हटलं, अंदाज थोडा पुढे गेला.

२६ ऑक्टोबर
रात्री विचार केला. चाक पंचेचाळीसमध्ये कुठल्या तरी खंदकात पडलं असणार, रशियनांना दिसलं नाही. आता तिथे नाही. चाकाला पाय नसतात. म्हणजे ते कुणीतरी नेलं!
आपल्यातल्याच कुणीतरी. एका अडाण्याने, एका करंट्याने. रागाच्या भरात एका बैठकीत लेख लिहिला: 'इतिहास पळवणारा कोण?' शेवटचं वाक्य: 'आठ तारखेला, दालनाच्या उद्घाटनात, मी त्याचं नाव भर सभेत जाहीर करीन.' जिल्ह्याच्या पेपरला पाठवला.
नाव अजून माहीत नाही. बारा दिवस आहेत.

३० ऑक्टोबर
लेख छापून आला! फोटोसकट. बाजारात लोक थांबवून विचारतात, कोण हो तो, मास्तर? मी नुसतं सूचक हसतो. म्हातारा कसाई दोन दिवस माझी नजर चुकवतोय. संशयित क्रमांक एक.
अडतीसपैकी एकतीस विद्यार्थी येतो म्हणालेत. हर्बिनहून एक जण विमानाने येणार आहे.

२ नोव्हेंबर
बर्फ पडला. टाउनच्या जुन्या दफ्तरखान्यात गेलो, काओला बरोबर घेतलं, कारण चष्मा घरी राहिला. अठ्ठावन्न साली सरकारच्या हुकमाने गावोगाव भट्ट्या लावून लोखंड वितळवत होते, तेव्हा कुणी काय आणून दिलं त्याची वही शिल्लक आहे. चोर तिथेच सापडणार, हे मी आधीच ओळखलं होतं.
काओ पानं उलटत वाचत होता. कढई. कुलूप. नांगराचा फाळ. मग थांबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वहीकडे. मी म्हटलं, वाच की, घाबरतोस कुणाला, मी आहे ना.
वाचलं त्याने. "हाताने फिरवायचं जपानी चाक, एक. टेकडीच्या पडक्या खंदकातून. वजन अठरा जिन, म्हणजे नऊ किलो. आणणारा, थान शूलिन, इयत्ता तिसरी, वय नऊ. बक्षीस, कागदाचं लाल फूल."

३ नोव्हेंबर
गावात दुसरा थान शूलिन असू शकतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नव्हता. काओला विचारलं. म्हणाला, "एकच होता, पुरे झाला."
लाल फूल मला आठवतं. पण ते सुंदर हस्ताक्षराबद्दल मिळालं होतं, अशी माझी एक्कावन्न वर्षांची समजूत आहे. माझं हस्ताक्षर बघून गुइफांग म्हणाली, "समजूतच ती."

४ नोव्हेंबर
जेवलो नाही. गुइफांगने गरम शेवया पुढे ठेवल्या, तरी नाही. आठ तारखेला एकतीस जणांसमोर काय बोलू? आजारी पडायचं का, हा प्लॅन केला. ताप येईना.
शेवटी तिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती रांजणाकडे गेली आणि त्या काळ्या गोळ्यावर हात ठेवून उभी राहिली.
म्हणाली, "तुझी आई लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला काय म्हणाली ठाऊक आहे? 'हा गोळा कधी टाकू नकोस. माझ्या लेकाच्या शाळेच्या भट्टीतला आहे. त्याला शाळेत सांगितलं होतं, तुझ्या चाकाचा ट्रॅक्टर होणार. भट्टी फोडली तर आत हे. ना लोखंड ना दगड. तीन दिवस रडलं पोर. बाकीच्या वर्गांचे गोळे नदीत फेकले. हा मी हेडमास्तरांकडून मागून घेतला, आणि त्याला म्हटलं, ट्रॅक्टर नाही झाला तरी काम करतोय बघ, कोबी दाबतोय.'"
तिसरीचा वर्ग. चाक, आणि बहुतेक तीन-चार कढया. एक्कावन्न वर्षं आमच्या रांजणावर. मी दर वर्षी बोट चेंगरून घेतलं आणि शिव्या दिल्या.
पहिल्यांदाच त्याला दोन्ही हात लावले. गार होता.

५ नोव्हेंबर
निंग मॅडमना फोन. सगळं सांगितलं.  पलीकडून आधी हसू, मग नाक ओढल्याचा आवाज. म्हणाल्या, मास्तर, चाकापेक्षा हा गोळा मला जास्त हवा. उद्याच गाडी पाठवते.
गुइफांग म्हणाली, "नाही."
मी समजावलं. इतिहास, जिल्हा, निळी मखमल. ती म्हणाली, "एकोणीस दिवस झालेत. आत्ता वजन काढलं तर नव्वद कोबी सडतील. तुझा इतिहास पावशतक नंतर आला तरी चालतो, कोबीचं तसं नसतं."
नदीवरचा दगड ठेवतो म्हटलं. रांजण उघडू देणार नाही म्हणाली. मॅडम तिच्याशी परस्पर बोलल्या. दोघी माझ्याविषयी फार वेळ हसल्या.

८ नोव्हेंबर, दुपारी
उद्घाटन झालं. चौतीस विद्यार्थी आले. हर्बिनवालाही. माझं वीस पानी भाषण खिशात होतं, बाहेर काढलं नाही. म्हटलं, मी चोराचं नाव सांगायचं कबूल केलं होतं. थान शूलिन, इयत्ता तिसरी. त्याला वाटलं होतं, ट्रॅक्टर होईल.
 आधी म्हाताऱ्या कसायाने मोठ्याने टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. कोण हसतंय, कोण रडतंय कळेना. काओ दोन्ही करत होता.
सात नंबरच्या पेटीत निळी मखमल, आणि वर काही नाही. शेजारी पाटी:
'तोफेचं हातचाक, वितळलेल्या अवस्थेत. शोधलं: थान शूलिन. हरवलं: थान शूलिन. वस्तू सध्या कोबीवर आहे.'